वाढदिवसाच्या दोन पंगती

शास्त्रपाठ : मार्क ६:७-४४. सोबत वाचावे : उत्पत्ती ४०:२०-२३; लूक १४:१२-१४; ३ योहान ५-८.



आपल्या शब्बाथशाळांत एक जुनी व गोड रीत आहे. ज्या मुलाचा वाढदिवस त्या आठवड्यात येतो त्याला पुढे बोलावतात. जितकी वर्षे पूर्ण झाली तितकी नाणी ते मूल पेटीत टाकते, बाकीची मुले गीत म्हणतात आणि शिक्षक त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. घरी केक असो वा शेवयांची खीर असो, मंडळीत मात्र त्या दिवशी मुलाने काहीतरी द्यावयाचे असते. वाढदिवस हा घेण्याचा दिवस आहे असे सारे जग म्हणत असता आपण आपल्या लेकरांना तो देण्याचा दिवस म्हणून शिकवतो. ही शिकवण लहान नाही.

तीच मुले पुढे मोठी होतात. कोणी नर्स होते, कोणी शिक्षक, कोणी इंजिनियर. अलीकडे काहीजण वर्ष-सहा महिने पदरचा वेळ देऊन परदेशी सेवेला जातात. कोणी आफ्रिकेतील एखाद्या इस्पितळात, कोणी पूर्वेकडील एखाद्या बेटावरच्या शाळेत. तसेच परदेशातील तरुण आपल्याकडेही येतात. सेवेच्या त्या मुदतीत केव्हा ना केव्हा त्यांचा वाढदिवस येतोच. तो शनिवारी किंवा रविवारी आला की बरोबरीची मंडळी म्हणतात, "चला, दोन दिवस कोठेतरी जाऊन येऊ." मग समुद्रकिनारा, एखादा डोंगर, होडीची सफर. इकडे आईबापांच्या मनात दोन विचार येतात. लेकरू एकटे नाही याचा आनंद वाटतो. आणि सेवेला म्हणून गेलेले आपले मूल मौजेत तर रमले नाही ना, ही धास्तीही वाटते.

ही धास्ती अगदीच व्यर्थ नाही, आणि तो आनंदही पाप नाही. याविषयी शास्त्र काय म्हणते ते पाहू. आश्चर्य असे की मार्काच्या एकाच अध्यायात, सहाव्यात, आपणांस हव्या असलेल्या तिन्ही गोष्टी आहेत : परगावी सेवेला गेलेले तरुण, एक वाढदिवस, आणि विश्रांतीसाठी केलेली होडीची सफर. त्यात दोन पंगती बसल्या आहेत. आपण कोणत्या पंगतीत बसतो, हाच आजचा प्रश्न आहे.

१. हेरोदाची पंगत

प्रभूने बारा जणांना दोघे दोघे असे पाठवले. वाटेसाठी भाकरी नाही, झोळी नाही, कमरेला पैसा नाही. ज्या घरात उतराल तेथेच राहा, इतकीच आज्ञा. म्हणजे ते संपूर्णपणे दुसऱ्यांच्या आतिथ्यावर अवलंबून होते. ते असे गावोगाव हिंडत आहेत तोच मार्क आपणांस अचानक राजवाड्यात नेतो. तेथे हेरोदाचा वाढदिवस चालला आहे.

त्या पंगतीत कोण बसले होते हे मार्काने मोजून सांगितले आहे : दरबारातील प्रधान, सैन्याचे सरदार आणि गालीलातील बडी माणसे. भुकेला असा त्यात कोणीही नाही. ज्यांच्या घरी रोज मेजवानी त्यांनाच आणखी एक मेजवानी. नाच झाला, राजा खूष झाला, भरसभेत शपथ वाहिली आणि मग शब्द फिरवण्याची लाज वाटून त्याने तुरुंगातील योहानाचे शीर तबकात आणवले. जन्माचा दिवस साजरा करताना एका निरपराध माणसाचा जीव गेला. किंमत कोणी दिली? जो पंगतीत नव्हता त्याने.

शास्त्रातील दुसरा वाढदिवस फारोचा. उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायात तो येतो. त्याही दिवशी मेजवानी झाली. प्यालेबरदाराला त्याची जागा परत मिळाली, आचाऱ्याला फाशी झाली आणि बंदिशाळेतील परदेशी तरुण योसेफ याचा सगळ्यांना विसर पडला. ज्याने मनापासून मदत केली होती त्याची साधी आठवणही त्या प्यालेबरदाराला राहिली नाही.

यावरून काही कडक मंडळी म्हणतात की ख्रिस्ती माणसाने वाढदिवस पाळूच नये. शास्त्र असे कोठेही सांगत नाही. जन्म हे देवाचे दान आहे आणि दानाबद्दल आनंद करणे योग्यच आहे. दोष मेजवानीत नव्हता. ज्यांचे आपल्यावाचून काही अडत नाही त्यांनाच जवळ बसवले आणि ज्यांच्या जिवावर तो आनंद उभा होता त्यांना भिंतीबाहेर ठेवले, हा दोष होता. हेरोदाच्या राजवाड्यात तळघर होते. आपल्या घरात तळघर नसेल. पण वाढदिवसाच्या दिवशी रात्री अकरापर्यंत भांडी घासणारी बाई असते, आणि गाडीत बसून वाट पाहणारा ड्रायव्हर असतो. तो जेवला की नाही हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

२. रानातली पंगत

आता मार्क आपणांस पुन्हा त्या बारा जणांकडे आणतो. ते परत आले आणि आपण काय केले, काय शिकवले ते सर्व त्यांनी प्रभूला सांगितले. प्रभूने लगेच पुढचे काम दिले नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांची इतकी गर्दी होती की त्यांना जेवायलाही सवड नव्हती. म्हणून त्याने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, आणि ते होडीत बसून निघाले.

सेवकांनी हे वचन अधोरेखित करून ठेवावे. थकलेल्या सेवकाने विसावा घ्यावा ही प्रभूचीच इच्छा आहे. जो तरुण आठवडाभर इस्पितळात किंवा शाळेत राबला त्याने शनिवारी समुद्रकिनारी जाऊन चार घटका हसण्याखेळण्यात घालवल्या, तर त्यात त्याने सेवेची चोरी केली असे मुळीच नाही. आपल्या मंडळ्यांत कधीकधी सेवकाला बैलासारखे जुंपण्याची वृत्ती दिसते. पाळकाने आठ दिवस रजा घेतली तरी कुजबुज होते. मार्काचा सहावा अध्याय या कुजबुजीला उत्तर देतो.

पण पुढे काय झाले? होडी किनाऱ्याला लागण्यापूर्वीच लोक पायी धावत तेथे पोहोचले होते. सुटी बुडाली! शिष्यांच्या तोंडावर काय भाव उमटले असतील याची कल्पना करता येते. प्रभूला मात्र त्या लोकांचा कळवळा आला, कारण ते मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होते. संध्याकाळ झाली तेव्हा शिष्य म्हणाले, यांना आता पाठवून द्या. मागणी अगदी व्यवहाराची होती. प्रभू म्हणाला, तुम्हीच यांना खायला द्या. शिष्यांनी हिशेब केला तर दोनशे दीनार लागणार होते, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हाती होत्या पाच भाकरी आणि दोन मासे.

मग त्याने त्यांना हिरवळीवर पंक्तीपंक्तीने बसवले, शंभर शंभर व पन्नास पन्नास. पाहा, हेरोदाच्या वाड्यातील पंगतीत मानाप्रमाणे पाट मांडलेले. येथे गवत हाच सगळ्यांचा पाट. तेथे निवडक सरदार, येथे पाच हजार पुरुष आणि कोणालाही नकार नाही. तेथे तबकात मृत्यू आला, येथे टोपलीत भाकरी आली. शेवटी उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या भरल्या. सेवक किती होते? बारा. सुटी बुडालेल्या त्या बारा जणांपैकी प्रत्येकाच्या हाती एकेक भरलेली टोपली आली असावी, असे मला वाटते. प्रभूच्या पंगतीत वाढणारा कधी उपाशी राहत नाही.

या दोन पंगती मार्काने एकाला एक लागून का ठेवल्या असतील? आपण त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या म्हणूनच. एक वाढदिवसाची होती आणि तिच्यात मरण होते. दुसरी कोणाच्याही वाढदिवसाची नव्हती, पण तिच्यात जीवन होते.

३. हजीऱ्याचा किनारा

आता हे आपल्या जवळच्या एका ठिकाणी लावून पाहू. खानदेशातील वाचकांना तापी नदी परिचयाची आहे. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून, भुसावळच्या बाजूने आपल्या शेतांना लागून वाहत ती पुढे सुरतेला जाते आणि हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते. त्याच तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो माणसे पोटासाठी सुरतेला गेली आणि तेथेच स्थायिक झाली. म्हणून हजीरा गुजरातेत असला तरी आपल्याला परका नाही. खतांचा कारखाना, पोलादाचा कारखाना, वायूचे प्रकल्प, बंदर असे तेथे आज मोठे उद्योग आहेत. २०२० च्या नोव्हेंबरात तेथून आखातापलीकडे घोघ्याला गाड्या व माणसे नेणारी बोटही सुरू झाली.

हजीऱ्यालगत सुवाली नावाचा किनारा आहे. सुरतेचे लोक सुटीच्या दिवशी तेथे हवा खायला जातात. हा किनारा परदेशी माणसांच्या पायांखाली फार पूर्वीपासून तुडवला गेला आहे. तापीच्या मुखात वाळूचे बांध असल्याने मोठी जहाजे वर सुरतेपर्यंत जात नसत. ती सुवालीला नांगर टाकीत. १६१२ च्या नोव्हेंबरअखेर याच पाण्यात कॅप्टन बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो येथेच उतरला आणि जहांगीर बादशहाच्या दरबारी गेला. पुढल्या वर्षी एडवर्ड टेरी नावाचा तरुण पाद्री येथे आला आणि रोच्या पदरी राहिला. आपला प्रवास त्याने पुढे १६५५ मध्ये ग्रंथरूपाने छापला.

टेरीने आपल्या एका सोबत्याची हकीकत लिहून ठेवली आहे. टॉमस कोर्याट हा विलक्षण प्रवासी सिरियातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. माळव्यातील मांडू येथे तो टेरीच्या तंबूत राहिला. प्रकृती ढासळलेली असताही तो सुरतेला निघाला. तेथील इंग्रज व्यापाऱ्यांना घरापासून दूर आपला माणूस भेटल्याचा इतका आनंद झाला की त्यांनी प्रेमाने त्याला मद्य पाजले. तो आधीच अतिसाराने हैराण होता. मद्याने दुखणे बळावले आणि १६१७ च्या डिसेंबरात त्याने देह ठेवला. एवढे हजारो मैल चाललेला माणूस शत्रूच्या हाताने किंवा रानातील श्वापदाने मेला नाही. परमुलखात भेटलेल्या मित्रांच्या पाहुणचाराने त्याचा शेवट झाला.

प्रिय तरुणांनो, परदेशी सेवेत असताना जो वाढदिवस साजरा कराल त्या दिवशी कोर्याटची आठवण असू द्या. घरापासून दूर असलेल्या माणसांना एकमेकांविषयी फार ओढ वाटते आणि त्या ओढीच्या भरात लगाम सुटतो. घरी ज्या प्याल्याला हात लावला नसता तो तिकडे "आजच्या दिवसापुरता" म्हणून पुढे येतो. आग्रह करणारे वाईट नसतात, ते प्रेमळच असतात. हेरोदानेही योहानाला मारले ते वैराने नव्हे. योहानाचे बोलणे त्याला आवडत असे, असे मार्क सांगतो. पंगतीत बसलेल्यांची भीड त्याला मोडवेना, एवढेच.

आता समजा, परदेशातून आलेला एक तरुण सुरतेत एखाद्या वस्तीत सेवा करीत आहे. त्याचा वाढदिवस शनिवारी आला आणि मित्र त्याला सुवालीला घेऊन निघाले. त्याने जावे का? अवश्य जावे. प्रभूनेच विसाव्याला नेले होते. त्याने आनंद करावा का? अवश्य करावा. मग त्याची पंगत हेरोदाची की प्रभूची, हे कशावरून ओळखावे? तीन खुणा सांगतो.

पहिली खूण, पंगतीत कोण आहे? गाडी चालवून नेणारा माणूस लांब उभा राहून विडी ओढीत आहे की केळीच्या पानावर त्याचेही जेवण वाढले आहे? ज्या खोलीत तो तरुण राहतो तेथला स्वयंपाकी, रात्रीचा राखणदार, वस्तीतील ज्या मुलांना तो शिकवतो ती मुले, यांतील कोणी बरोबर आहे का? लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू सांगतो की मेजवानी देशील तेव्हा मित्र व धनवान शेजारी यांनाच नव्हे, तर दरिद्री, व्यंग, लंगडे व आंधळे यांना बोलाव. कारण त्यांना फेड करता येत नाही.

दुसरी खूण, माणसे पाहुणे आहेत की देखावा? आजकाल प्रत्येकाच्या हाती फोटो काढण्याचे साधन आहे. मासळी वाळवणाऱ्या बाया, उघडी पोरे, मिठागरातील मजूर यांचे फोटो मागेपुढे न पाहता काढून "माझा वाढदिवस" म्हणून घरी पाठवले जातात. त्या बाईला तिचे नाव कोणी विचारले काय? ज्याचे नाव आपण विचारत नाही त्याची आपण सेवा करीत नाही, आपण त्याला नुसते पाहतो.

तिसरी खूण, प्रभुवार कोठे गेला? शनिवारी सफर आणि रविवारी झोप असे झाले तर सुटीने सेवकच गिळला म्हणायचे. ज्या गावी गेलात तेथे चार विश्वासी कोठे जमतात ते शोधा. भाषा कळली नाही तरी चालेल. आमेन सगळीकडे सारखेच आहे.

४. ज्यांना वाढदिवस नाही ते

परदेशातून आलेल्या तरुणाला सुरतेत एक गोष्ट नवलाची वाटेल. तो वस्तीतील वडीलधाऱ्यांना विचारील, "आपला वाढदिवस केव्हा?" आणि एकामागून एक उत्तर येईल, "एक जून." आपल्याला यात नवल वाटत नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख ठाऊक नसे. मुख्याध्यापकांनी अंदाजाने वर्ष धरावे आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची एक जून ही तारीख टाकून मोकळे व्हावे. त्यामुळे एका पिढीतील कितीतरी माणसे कागदावर एकाच दिवशी जन्मली आहेत. आई म्हणे, "पेरणी चालली होती तेव्हाचा तू," किंवा "नदीला मोठा पूर आला होता त्या वर्षीची तू." एवढीच नोंद.

हजीऱ्याला कारखान्यांत किंवा बंदरावर कंत्राटदाराच्या हाताखाली राबणाऱ्या अनेकांची अशीच गोष्ट आहे. ते उत्तर प्रदेशातून, बिहारातून, ओडिशातून, आपल्या खानदेशातून आलेले आहेत. तेही घरापासून दूर आहेत, पण त्यांच्या दूर असण्याला कोणी सेवा म्हणत नाही. त्यांच्या खोलीवर मेणबत्ती कोणी लावीत नाही. त्या परदेशी तरुणाचे दूर असणे काही महिन्यांचे आणि आपखुशीचे. यांचे दूर असणे वर्षानुवर्षांचे आणि पोटासाठीचे. दोघेही उपरीच. म्हणून त्यांनी एका पंगतीत बसावे हे किती स्वाभाविक आहे! अनुवादाच्या दहाव्या अध्यायात मोशे इस्राएलाला सांगतो की उपऱ्यावर प्रीती करा, कारण तुम्हीही मिसर देशात उपरीच होता. ज्याचा वाढदिवस परमुलखात येतो त्याला हे वचन पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्या सकाळी उठल्याबरोबर आईची हाक ऐकू येत नाही, तेव्हाच ते त्याच्या काळजात उतरते.

परमुलखातील वाढदिवसाचा खरा लाभ हाच आहे. त्या दिवशी जे एकटेपण वाटते ते देवाने दिलेली किल्ली आहे. तिने शेजाऱ्याचे दार उघडावे. तिने फक्त स्वतःची पेटी उघडून रडत बसू नये.

५. मुंबईच्या बंदरात आलेला वाढदिवस

हिंदी नव्या कराराच्या इतिहासात हेन्री मार्टिन यांचे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७८१ रोजी इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात झाला. १८०६ मध्ये ते कलकत्त्यास आले. कंपनीच्या चाकरीत चॅपलेन असूनही त्यांनी हिंदुस्थानी व फारशी भाषांत नव्या कराराचे भाषांतर करण्यात प्रकृतीची पर्वा केली नाही. कानपुरास त्यांच्या बंगल्याच्या आवारात दर रविवारी शेकडो भिकारी व फकीर जमत. मार्टिन त्यांना भिक्षा देत आणि वचन सांगत. हीही रानातलीच पंगत होय.

क्षयाने शरीर खंगले तेव्हा त्यांना समुद्रप्रवासाचा सल्ला मिळाला. भाषांतर तपासण्यासाठी इराणात जावे आणि हवापालटही व्हावा, असा बेत ठरला. १८११ च्या आरंभी ते कलकत्त्याहून जहाजाने निघाले, वाटेत गोवे पाहिले, तेथे झेवियरची कबर पाहिली, आणि १८ फेब्रुवारीला मुंबईच्या बंदरात पोहोचले. तो त्यांचा तिसावा वाढदिवस होता. त्या दिवशी त्यांनी आपल्या रोजनिशीत आनंदाचे शब्द लिहिले नाहीत. अमेरिकेतील इंडियन लोकांत सेवा करून तिशीच्या आतच निवर्तलेल्या डेव्हिड ब्रेनर्डशी त्यांनी स्वतःची तुलना केली आणि आपले आयुष्य निष्फळ गेले असे त्यांना वाटले.

पण देवाचे गणित पाहा. कानपुराच्या त्या आवारातील रविवारचे बोलणे शेख सालेह नावाच्या एका गृहस्थांनी ऐकले होते. मार्टिन हिंदुस्थान सोडून गेले आणि त्याच वर्षी, १८११ च्या पेंटेकॉस्टच्या सणाला, कलकत्त्यास शेख सालेह यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी अब्दुल मसीह हे नाव घेतले, पुढे आग्र्यास अनेक वर्षे सेवा केली आणि त्यांना पाळकीय दीक्षाही मिळाली. मुंबईत वाढदिवशी निराश बसलेल्या मार्टिन यांना हे दिसत नव्हते. १६ ऑक्टोबर १८१२ रोजी तुर्कस्तानातील तोकात गावी ते एकटेच वारले. वय एकतीस.

नव्वदाव्या स्तोत्रात आपले दिवस मोजायला शिकव अशी प्रार्थना आहे. शहाणपणाचे अंतःकरण मिळावे हा त्या मोजण्याचा हेतू आहे. पण फळ मोजण्याचे काम आपल्याकडे दिलेले नाही. दिवस आपण मोजावे, फळ देवाने मोजावे. सेवेत असलेल्या तरुणाला वाढदिवशी "मी येथे येऊन काय केले?" असा प्रश्न हमखास पडतो. सहा महिन्यांत भाषा आली नाही, विहीर अर्धीच खणली, वर्गातील अर्धी मुले गळाली. अशा वेळी त्याला पत्राने सांगा : मुंबईच्या बंदरातला हिशेब चुकला होता, तुझाही चुकत असेल.

आपल्या महाराष्ट्रातीलही एक उदाहरण घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे आपल्या मंडळीतील नव्हते, पण परदेशी सेवा म्हणजे काय हे त्यांच्यापासून कोणीही शिकावे. १० ऑक्टोबर १९१० चा त्यांचा जन्म. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून ते युद्धाने पोळलेल्या चीनमध्ये गेले. वडील वारल्याची बातमी तिकडेच समजली, तरी जखमींना सोडून ते परतले नाहीत. १९४२ च्या ऑगस्टात त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव हिंदुस्थान व चीन या दोन्ही देशांच्या नावांतील अक्षरे जोडून ठेवले. त्याच डिसेंबरच्या ९ तारखेस डॉक्टर वारले. बत्तिसावा वाढदिवस होऊन दोन महिनेच झाले होते. वर्षे थोडी, पण भरलेली.

६. मंडळीने काय करावे?

योहानाच्या तिसऱ्या पत्रात गायस नावाच्या एका विश्वासी बंधूची स्तुती आहे. का? प्रभूच्या नावासाठी घर सोडून निघालेल्या अनोळखी बंधूंचा त्याने पाहुणचार केला म्हणून. देवाला शोभेल अशा रीतीने त्यांना वाटेस लावावे, असे प्रेषित सांगतो. गायस स्वतः कोठे परदेशी गेला नाही, तरी जे गेले त्यांच्या कामात तो सहकारी ठरला. म्हणून आपल्यालाही पुष्कळ करण्याजोगे आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी आपल्या मंडळीतून बाहेरगावी सेवेस, शिक्षणास किंवा नोकरीस गेलेल्यांच्या जन्मतारखांची एक वही ठेवावी. त्या त्या रविवारी मुलांनी त्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी आणि मुलांच्या हस्ताक्षरातील चार ओळी त्यांना पाठवाव्या. यंत्रावरून येणाऱ्या शंभर शुभेच्छा एकीकडे आणि दुसरीतल्या मुलाने वेडेवाकडे काढलेले नाव एकीकडे.

ज्या मंडळीत परगावचा तरुण सेवेला आला असेल त्या मंडळीच्या वडिलांनी त्याची जन्मतारीख आल्या दिवशीच विचारून घ्यावी. त्याला त्या दिवशी हॉटेलात जाऊ देऊ नये. कोणाच्यातरी घरी पिठले-भाकरी असली तरी ती त्याला घरची वाटेल. पाच भाकरींनी भागले होते, आपल्या घरात निदान तेवढ्या तरी असतातच.

आईबापांनी दूरच्या लेकराला त्या दिवशी रडवू नये. "तुझ्याशिवाय घर सुने आहे" असे म्हणण्याऐवजी "आज तुझ्या पानाशेजारी कोण बसले होते?" असे विचारावे. या एका प्रश्नाने मुलाची पंगत बदलेल.

आणि ज्यांची तारीख एक जून अशी लिहिलेली आहे, त्या आपल्या मंडळीतील वृद्धांसाठी जूनच्या पहिल्या रविवारी एकत्र उपकारस्तुती करावी. खरी तारीख देवाला ठाऊक आहे. आईच्या उदरात त्याने आपली घडण पाहिली आणि आपले दिवस त्याच्या पुस्तकात लिहिले, असे एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र सांगते. त्या पुस्तकात कोणाचाही जन्म अंदाजाने लिहिलेला नाही.

प्रियांनो, शेवटी आपल्या प्रभूचा जन्म आठवा. तो नासरेथातील घरी झाला नाही. नावनिशीसाठी निघालेल्या आईच्या प्रवासात, परक्या गावी, उतारशाळेत जागा नसताना तो झाला. पहिले पाहुणे होते रात्री रानात राखण करणारे मेंढपाळ. त्यांना कोणी वाढदिवसाला बोलावत नसे. परमुलखात वाढदिवस आलेल्या प्रत्येक तरुणाने हे जाणावे की तो प्रभूपासून दूर नाही. त्याच्या प्रभूचा पहिलाच दिवस असा प्रवासात गेला.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आमच्या जन्माबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आमची जी लेकरे आज दूरदेशी सेवेत आहेत त्यांच्या वाढदिवशी तू त्यांच्या पंगतीत बैस. त्यांना विसावा दे, आनंद दे आणि भुकेल्याला ओळखणारे डोळे दे. आमच्या गावी आलेला उपरी आमच्या दाराशी एकटा जेवू नये म्हणून आमची मने मोठी कर. ज्यांचा जन्म कोणी लिहून ठेवला नाही त्या सर्वांना तू नावाने ओळखतोस, याबद्दल तुझी स्तुती असो. प्रभू येशूच्या नावाने. आमेन.